कर्ज फिटलं, घराचा विमाही संपला : सर्वसाधारण विमा कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
घराचा विमा विकणाऱ्या सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांचे व्यवस्थापन,
आणि कर्जाच्या फायलीत तो विमा घालून देणाऱ्या बँका व गृहवित्त संस्था

सप्रेम नमस्कार.

मी एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे. हे पद आमच्याकडे कुणालाच नको असतं, त्यामुळे ते बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. पाण्याच्या टाकीपासून पार्किंगच्या भांडणापर्यंत सगळं माझ्या दारात येतं. गेल्या पावसाळ्यात तुमची पॉलिसीही आली.

तळमजल्यावरच्या एका कुटुंबाच्या घरात नाल्याचं पाणी शिरलं. फ्रिज, वॉशिंग मशीन, प्लायवूडची कपाटं, गाद्या, मुलांची वह्या-पुस्तकं, भिंतीतलं वायरिंग असं सगळं गेलं. कर्ज घेताना घराचा विमा काढला होता, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. हप्ता एकरकमी होता आणि तो कर्जाच्या रकमेतच मिळवला होता, म्हणजे विम्याच्या हप्त्यावरही त्यांनी व्याज भरलं होतं. कंपनीकडे गेल्यावर कळलं की त्यांनी कर्ज मुदतीआधी फेडलं त्याच वेळी पॉलिसी बंद झाली. बँकेने ना-हरकत दाखला दिला, घराची मूळ कागदपत्रं मोजून परत दिली, सह्या घेतल्या. 'आजपासून तुमच्या घराला विमा नाही, हवा असेल तर नवा घ्या' हे एक वाक्य मात्र त्या टेबलावर कुणी बोललं नाही.

कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. दुसऱ्या कंपनीत वेगळं काही घडलं असतं असं मला वाटत नाही, म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे.

त्यानंतरच्या सभेत मी सदस्यांना आपापल्या विम्याचे कागद काढायला सांगितलं. निम्म्याहून जास्त लोकांकडे पॉलिसीची प्रतच नव्हती. ती 'बँकेत असेल'. काही जण 'आमचा होम लोनचा इन्शुरन्स आहे की' म्हणत जो कागद घेऊन आले, तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा निघाला. कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज फेडणारा. घर जळलं, बुडलं किंवा पडलं तर त्यातून एक रुपया येत नाही. हे दोन वेगळे विमे आहेत हे सही घेताना सांगायला किती वेळ लागतो? ज्यांच्याकडे खरोखर घराचा विमा होता, त्यांच्यातल्या एकालाही त्यात काय आहे आणि काय नाही हे माहीत नव्हतं. शिकलेली माणसं आहेत ही. एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, एक कंपनीत हिशेब बघतात.

आता न्यायाने बोलायचं तर मूळ योजना चांगली आहे, आणि माझ्या रागाचं खरं कारण तेच आहे. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आणली आणि घराचा अग्निविमा विकणाऱ्या कंपन्यांना ती देणं बंधनकारक केलं. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, दहशतवादी कृत्य, हे सगळं त्यात येतं. इमारत आणि सामान दोन्हींचा विमा असेल तर घरातल्या सर्वसाधारण सामानाला, वेगळी यादी न देता, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत आपोआप संरक्षण मिळतं. शिवाय पूर्वीची एक जाचक अट त्यात काढून टाकली आहे. पूर्वी वीस लाखांच्या घराचा दहा लाखांचाच विमा असला आणि चार लाखांचं नुकसान झालं, तर 'निम्माच विमा होता' म्हणून दोनच लाख हातात पडायचे. भारत गृह रक्षामध्ये अशी प्रमाणात काटछाट करता येत नाही, विमा रकमेच्या मर्यादेत पूर्ण नुकसान द्यावं लागतं.

इतकी सरळ पॉलिसी हातात असताना ती तुम्ही कशी विकता, याविषयी माझ्या तक्रारी आहेत.

पहिली तक्रार सर्वांत मोठी. तुम्ही घराचा विमा घरातल्या माणसांना विकतच नाही. तुम्ही तो कर्जाला विकता. हप्ता कुटुंब भरतं, पण पॉलिसीत बँकेचं कलम असतं आणि दाव्याचे पैसे आधी बँकेकडे जातात. बँकेचं तारण सुरक्षित राहावं यात गैर काही नाही, ते मी समजू शकते. पण मग निदान प्रत कुटुंबाला द्या. मुदत कधी संपते ते सांगा. कर्ज फिटल्यावर विम्याचं काय होणार ते लिहून द्या. आयुष्यभर काटकसर करून माणूस कर्ज लवकर फेडतो आणि त्याच दिवशी त्याचं घर उघडं पडतं, ही रचना कुणाच्या सोयीची आहे? भारत गृह रक्षा दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीची घेता येते. कर्जाशी तिची गाठ असायलाच हवी असं काही नाही. पण ज्यांच्यावर कर्ज नाही, ज्यांचं घर वडिलोपार्जित आहे किंवा ज्यांचं कर्ज फिटलंय, अशा लोकांच्या दारात तुमचा माणूस मी कधी पाहिला नाही. मोटारीच्या विम्याचं नूतनीकरण जवळ आलं की दिवसाला चार फोन येतात. घरासाठी एकही नाही.

दुसरी तक्रार रकमेची. आमच्याकडे एका फ्लॅटचा विमा करारनाम्यातल्या किमतीइतका होता आणि दुसऱ्याचा कर्जाच्या रकमेइतका. दोन्ही चूक. विम्यात मोजायचा असतो घर पुन्हा बांधण्याचा खर्च, आणि तो कसा काढायचा हे पॉलिसीतच दिलेलं आहे: चटई क्षेत्र (म्हणजे कार्पेट एरिया) गुणिले बांधकामाचा दर. समजा चटई क्षेत्र ६०० चौरस फूट आहे आणि बांधकामाचा दर चौरस फुटाला २,५०० रुपये धरला, तर इमारतीची विमा रक्कम १५ लाख होते. तोच फ्लॅट विकायला काढला तर त्याचे ७० लाख येतील, पण त्यातला मोठा भाग जागेचा असतो आणि जमीन काही जळत नाही. ज्याने ७० लाखांचा विमा उतरवला त्याच्याकडून तुम्ही अनेक पटींनी जास्त हप्ता घेतलात. दावा आला तरी त्याला बांधणीच्या खर्चापेक्षा जास्त मिळणार नाही. ज्याचं कर्ज ८ लाख होतं म्हणून ८ लाखांचाच विमा उतरवला, त्याचं घर पूर्ण गेलं तर बाकीचे ७ लाख तो कुठून आणणार? हा गुणाकार करायला अभियंता लागत नाही. विकणाऱ्याने करारनाम्यावरचा चटई क्षेत्राचा आकडा बघायचा असतो, बस. तो बघितला जात नाही, कारण समोर विक्रीचं लक्ष्य असतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी एक गुंता आहे. माझ्या चार भिंतींचा विमा मी काढला, पण जिना, लिफ्ट, गच्ची, टाकी, पाया हे सगळं संस्थेचं. आपल्या राज्यातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये संस्थेने इमारतीचा आग आणि भूकंपासाठी विमा उतरवावा असं स्पष्ट सांगितलं आहे. किती संस्था उतरवतात हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर आम्ही सचिव मंडळींनी द्यायला हवं. पण संस्था चौकशीला आली की तुमच्या शाखेतला माणूस आधी 'मॅडम, हेल्थचं बघू या का' म्हणतो. संस्थेचा आणि सदस्याचा विमा एकमेकांना कुठे पूरक ठरतो आणि कुठे एकाच गोष्टीसाठी दोनदा पैसे जातात, हे मला आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही.

तिसरी तक्रार दाव्याच्या वेळची. पुराच्या काही काळ आधी आमच्याच इमारतीत एका स्वयंपाकघराला आग लागली होती. तिथे पॉलिसी चालू होती. नुकसान मोजणारे सर्व्हेअर आले, सभ्य गृहस्थ होते, फोटो काढले आणि बिलं मागितली. आगीत जळालेल्या वस्तूंची बिलं आगीत जळालेल्या कपाटात होती. मग फ्रिज किती जुना, ओव्हन किती जुना असं विचारत प्रत्येक वस्तूवर घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, लावला गेला. भारत गृह रक्षाच्या शब्दांत सामानाची भरपाई त्याच प्रकारची वस्तू नव्याने घेण्याच्या खर्चावर ठरते. मग घसारा आला कुठून? आणि कागदांचं म्हणाल तर नियामकाने जून २०२४ च्या मुख्य परिपत्रकात सर्वसाधारण विम्याबद्दल स्पष्ट सांगितलं आहे की कागदपत्रं नाहीत एवढ्या कारणावरून दावा नाकारायचा नाही, आणि लागणारे कागद विमा देतानाच मागायचे. हे परिपत्रक तुमच्या मुख्यालयात नक्कीच पोचलं असेल. आमच्या शहरातल्या शाखेत पोचलेलं दिसलं नाही.

त्याच दाव्यात एक बारीक गोष्ट होती, जी मी इथे मुद्दाम लिहिते कारण वाचणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहे. शॉर्टसर्किट होऊन एखादं उपकरण स्वतःच जळालं, तर त्या उपकरणाची भरपाई या पॉलिसीत मिळत नाही. पण त्यातून निघालेल्या आगीत बाकी जे जळलं, त्याची मिळते. त्या घरात वायर ओव्हनची जळाली होती, पण कपाटं, चिमणी, रंग आणि छताचं नुकसान आगीचं होतं. सुरुवातीला त्यांना 'शॉर्टसर्किट आहे, बसत नाही' एवढंच तोंडी सांगून वाटेला लावलं गेलं. लेखी मागितल्यावर भाषा बदलली.

काय बसत नाही याचीच यादी विकताना आधी दाखवायला हवी. साधी घरफोडी भारत गृह रक्षामध्ये येत नाही. आग, पूर अशा विम्यातल्या घटनेनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरीच फक्त येते. भिंतीतून वर्षानुवर्षं झिरपणारं पाणी येत नाही, पाइप अचानक फुटून झालेलं नुकसान येतं. दागिने आणि मौल्यवान वस्तूंसाठी वेगळं जादा संरक्षण घ्यावं लागतं. हे सगळं रास्त असेलही. पण आमच्यातल्या एका आजींना वाटत होतं की तुमचा विमा आहे म्हणून कुलूप साधं असलं तरी चालेल. त्यांना तसं वाटू दिलं कुणी?

आता माणसांकडे येते. घराचा विमा भिंतींसाठी आहे हे मान्य, पण भिंती पडतात त्या आत राहणाऱ्यांवरच. भारत गृह रक्षामध्ये वैयक्तिक अपघाताचं ऐच्छिक संरक्षण आहे: घराचं नुकसान करणाऱ्या विम्यातल्या घटनेमुळे पॉलिसीधारकाचा किंवा त्याच्या जोडीदाराचा मृत्यू झाला तर प्रत्येकी ५ लाख रुपये. त्या घरातली मुलं आणि म्हातारे आई-वडील त्यात नाहीत. दुपारी घरी कोण असतं, हे हा नियम लिहिणाऱ्याने बहुधा पाहिलं नसावं. घर राहण्यालायक नसेल त्या काळात दुसरीकडे राहण्याच्या भाड्याची तरतूदही पॉलिसीत आहे. आमच्या आग लागलेल्या कुटुंबाने ते दिवस बहिणीच्या दोन खोल्यांत काढले, कारण ही तरतूद त्यांना कुणी सांगितलीच नाही. भाड्याने राहणाऱ्यांना फक्त सामानाचा विमा घेता येतो, हेही बहुतेकांना माहीत नाही. भाडेकरू तुमच्या हिशेबात ग्राहकच नसतात, कारण त्यांच्यामागे कर्जाची फाइल नसते.

माझा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मात्र पुढचा आहे, आणि तो दाव्याचा नाही.

मोटारीचा विमा खंडित झाला आणि नव्याने काढायचा म्हटलं, तर तुम्ही गाडीचे चारी बाजूंनी फोटो मागता, ओरखडेसुद्धा नोंदवता. पाच-सहा माणसं ज्या घरात झोपतात त्या घराबद्दल एक प्रश्न विचारत नाही. नाव, पत्ता, रक्कम, सही, झालं. तुम्हाला घराची काळजी नाही असं माझं म्हणणं नाही. पण घर जळणार नाही, कुणाला शॉक बसणार नाही, गॅस साठणार नाही यात तुमचाही फायदा असताना तुम्ही तिकडे बघतही नाही, हे मला समजत नाही.

आमच्या इमारतीत मी एका परवानाधारक इलेक्ट्रिशियनला घेऊन घरोघर फिरले. जे दिसलं ते तुम्हीही कधीतरी बघावं. बहुतेकांच्या घरी एमसीबी आहे, आणि 'ट्रिपर आहे ना, मग झालं' असा सगळ्यांचा समज. एमसीबी जास्त भाराने तार तापू नये म्हणून पडतो. गिझरमधून किंवा ओल्या भिंतीतून गळणारा करंट माणसाच्या अंगातून जाऊ लागला तर तो पडेलच असं नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो, घरासाठी सहसा ३० मिलिअँपिअरचा. तो फार थोड्या घरांत होता, आणि एका घरात होता तो 'सारखा पडतो' म्हणून बायपास केलेला होता. सारखा पडतो म्हणजे कुठेतरी करंट गळतोय, हे सांगायला आधी कुणी आलं नव्हतं. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन. झोपायच्या खोलीच्या दारात रात्रभर चार्जिंगला लावलेली ई-स्कूटरची बॅटरी. बंद न्हाणीघरात गॅस गिझर, वरची झडपेची खिडकी हवा येते म्हणून पुठ्ठ्याने बंद केलेली. या गिझरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि तो माणसाला उठून दार उघडण्याइतकी शुद्धही ठेवत नाही. खिडक्यांना न उघडणाऱ्या जाळ्या तर सगळीकडे. चोर आत येऊ नये म्हणून बसवलेल्या जाळीतून आगीच्या वेळी आपणही बाहेर पडू शकत नाही.

गॅसच्या नळीचीही तीच कथा. तेल कंपन्यांच्या वितरकाकडे मिळणारी, तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. नळीवर तारीख छापलेली असते, पण ती बघायला ओट्याखाली वाकावं लागतं. गळती झाली तर १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आणि घरगुती सिलिंडरच्या अपघातासाठी तेल कंपन्यांनी ग्राहकांकडून वेगळा हप्ता न घेता विमा काढून ठेवलेला असतो: मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख, आणि ग्राहकाच्या नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेसाठी एका घटनेत जास्तीत जास्त २ लाख. अपघातानंतर वितरकाला लगेच लेखी कळवावं लागतं. हा विमाही कुठल्या ना कुठल्या विमा कंपनीकडेच असतो. म्हणजे आम्हाला माहीत नसलेल्या एका विम्यासोबत माहीत नसलेला दुसराही!

इमारतीच्या पातळीवर कायदा आहे. आपल्या राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचा 'नमुना ब' दाखला परवानाधारक संस्थेकडून जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा द्यावा लागतो. तुम्ही संस्थेचा विमा करताना हा दाखला मागता का? आमच्याकडे मागितला नाही. मागितला असता तर सभेत त्या खर्चाला मंजुरी मिळवताना माझा निम्मा घसा वाचला असता.

कुणी म्हणेल, घरांचा विमा लोकच घेत नाहीत, त्यात कंपनी काय करणार? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा ते विपरीत वाटलं होतं. त्यानंतर २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर, त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढा, ३ जून २०२० ला कोकणात निसर्ग चक्रीवादळ, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड. इतकं झाल्यावर महाराष्ट्रात पुराच्या विम्याची गरज पटवायला विक्रेत्याला कष्ट पडतात, हे मला खरं वाटत नाही. कष्ट घेतले जात नाहीत, एवढंच. आणि सरकारनेही हातभार लावला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला, घराच्या विम्यावर मात्र १८ टक्के तसाच आहे. तुमच्या संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवला तर आम्ही सह्या द्यायला तयार आहोत. तुम्हाला पाठिंबा द्यावा असा हा एक मुद्दा तरी आहे.

मागण्या साध्या आहेत.

पॉलिसीची पूर्ण प्रत, बँकेत कितीही प्रती असोत, घरात राहणाऱ्या कुटुंबाला द्या. सोबत मराठीत एक पान द्या: काय बसतं, काय बसत नाही, रक्कम किती, मुदत कधीपर्यंत, दावा आला तर पैसे कुणाच्या खात्यात जाणार. एकच पान. अठरा पानांच्या पुस्तिकेचा मराठी अनुवाद नको आहे, तो कुणी वाचणार नाही.

कर्ज फिटण्याच्या वेळी बँकेने ना-हरकत दाखल्यासोबत विम्याची स्थिती लेखी कळवावी. पॉलिसी बंद होणार असेल तर निदान एक महिना आधी कळवावं आणि कुटुंबाच्या नावावर ती पुढे चालू ठेवण्याचा पर्याय त्याच पत्रात द्यावा. उरलेल्या मुदतीच्या हप्त्याचा परतावा किती आणि तो कुठे गेला, हेही त्यात यावं.

कर्जदाराच्या आयुष्याचा विमा आणि घराचा विमा यांची संमती एकाच सहीत घेऊ नका. दोन अर्ज, दोन सह्या, आणि 'नको' म्हणायची मोकळीक. विम्याचा हप्ता कर्जात मिळवणार असाल तर त्यावर एकूण किती व्याज पडेल, तो आकडा सहीच्या वर छापा.

विमा रक्कम चटई क्षेत्र आणि बांधकामाच्या दरावरूनच काढा आणि तो हिशेब पॉलिसीवर दाखवा. ज्यांच्याकडून बाजारभावावर हप्ता घेतला आहे त्यांना पुढच्या नूतनीकरणाची वाट न बघता कळवा.

दावा नाकारताना किंवा कमी करताना पॉलिसीतलं नेमकं कलम लिहून कारण द्या, तोंडी नको. सामानावर घसारा लावणार असाल तर कुठल्या कलमाने, ते सर्व्हेअरच्या अहवालात असू द्या आणि त्या अहवालाची प्रत न मागता द्या.

अपघात संरक्षणात त्या घरात राहणारी मुलं आणि आई-वडील यांना घेण्याचा पर्याय ठेवा. त्याचा जो हप्ता होईल तो आम्ही भरू.

आणि सुरक्षेसाठी: विमा देताना व नूतनीकरणाच्या वेळी दहा-बारा प्रश्नांचा एक तक्ता द्या. आरसीसीबी आहे का, वायरिंग किती जुनं, गॅसची नळी कधी बदलली, गिझर कुठला आणि झडप उघडी आहे का, खिडकीची एक तरी जाळी आतून उघडते का, अग्निशामक नळकांडं आहे का आणि त्याची तारीख काय. या उत्तरांचा उपयोग दावा नाकारण्यासाठी करायचा नाही, अशी लेखी हमी त्या तक्त्यावरच असावी, नाहीतर कुणी खरं लिहिणार नाही. जे घर किंवा संस्था परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा तपासणी अहवाल देईल, तिला हप्त्यात सवलत द्या. सवलत किती असावी हा तुमच्या गणितज्ज्ञांचा प्रश्न. आमच्या संस्थेतल्या बऱ्याच घरांत आता आरसीसीबी बसले आहेत, आणि त्याची तुमच्याकडे एका ओळीचीही नोंद नाही.

हे पत्र वाचणाऱ्या इतर लोकांसाठी एवढंच: कंपनीकडे लेखी तक्रार केली आणि महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं. नियामकाचा मदत क्रमांक १५५२५५ आहे. आमच्या तळमजल्यावरचं कुटुंब त्याच वाटेने निघालं आहे.

या पत्राची प्रत मी नियामक प्राधिकरणालाही पाठवत आहे. तुमच्याकडून उत्तर आलं तर ते मराठीत असावं, म्हणजे मला संस्थेच्या सूचना फलकावर जसंच्या तसं लावता येईल. पुढची वार्षिक सभा सप्टेंबरअखेर आहे आणि संस्थेच्या विम्याचं नूतनीकरण कुठल्या कंपनीकडे करायचं, हा त्या सभेपुढचा विषय आहे. आलेली उत्तरं सदस्यांपुढे ठेवूनच ते ठरवू.

आपली,
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची सचिव